नीरा डाव्याचे पूल : काही टिपणे

कॅनॉलवरच्या पुलाचे वय दगडांवरून काढू नये, त्यावरून जाणाऱ्या वाटेवरून काढावे. कालवा खणताना कितीतरी वाटा तुटल्या. त्यांतली जी मोडून चालणारच नव्हती, तिथे पूल बांधावा लागला. बाजाराची वाट, नदीच्या उताराची वाट, देवाची वाट, मसणवट्याची वाट. म्हणून नीरा डाव्या कालव्यावरचा प्रत्येक जुना पूल हा कालवा खणण्याआधी या मुलखात माणसे कुठून कुठे जात होती, याचा पुरावा आहे. बारामती-इंदापूरचा जुना नकाशा हवा असेल, तर हे पूल एका रेषेत न पाहता त्यांच्या दोन्ही टोकांना निघणाऱ्या वाटा पाहाव्यात.

*

१८७६-७८ चा दुष्काळ या पट्ट्याला फार लागला. त्यानंतरच्या वर्षांत हा कालवा झाला आणि १८८५ च्या सुमारास त्याला पाणी आले. वेळवंडी नदीवर भाटघरला साठवायचे, नदीतून सोडायचे आणि वीरजवळ कालव्यात घ्यायचे, अशी ती रचना. धरणाला आणि तलावाला साहेबांची नावे मिळाली. ज्यांनी पाट्या वाहिल्या त्यांची नावे कुठेही कोरलेली नाहीत. जुन्या पुलाची कमान जवळून पाहिली की काळ्या दगडावर छिन्नीचे टाके दिसतात. त्या माणसांची तेवढीच सही उरली आहे.

*

पुलाच्या दोन टोकांना दोन हवामाने आहेत. कालवा नीरेच्या डाव्या अंगाला, म्हणजे उत्तरेला. त्यामुळे कालवा आणि नदी यांच्यामधली जमीन भिजते. कालव्याच्या वरची कोरडी राहते. दक्षिणेच्या टोकाला ऊस, केळी, विहिरीला बारमाही पाणी. उत्तरेच्या टोकाला बाजरी, कुसळ, मेंढरे आणि आभाळाकडे लागलेले डोळे. 'बागायत' आणि 'जिरायत' यांच्यातले अंतर इथे दहा-वीस पावलांचे आहे. सोयरीक जुळवताना स्थळ कॅनॉलच्या वरचे की खालचे, हे आधी विचारले जायचे. ऊस खुरपायला, तोडायला वरच्या गावच्या बायका सकाळी पूल ओलांडून खाली येत आणि दिवेलागणीला डोक्यावर वाढ्यांचा भारा घेऊन परत जात. पुलाने काय जोडले, असे कुणी विचारले तर मी हे भारे सांगेन.

*

काठाची वाट गावासाठी केलेली नव्हती. पाटकऱ्याला आणि कॅनॉल इन्स्पेक्टरला पाहणी करता यावी, म्हणून भरावाचा माथा सपाट ठेवलेला. कालवा जमिनीच्या समपातळीला धरून वळत जातो, त्यामुळे त्या वाटेला चढ नाही की उतार नाही. साहजिकच ती शाळेची वाट झाली, सायकल शिकण्याची वाट झाली, माहेराला पायी निघालेल्या बाईची वाट झाली. अंतर जास्त पडे, पण चुकायची भीती नसे. बाभळी-करंजांची सावली असे, आणि पाळी चालू असली की शेजारून पाणी वाहत असे.

*

पाटकरी हा त्या वाटेवरचा मोठा माणूस. दाराची किल्ली त्याच्याकडे, शेजपाळीची यादी त्याच्याकडे. सात नंबरचा फॉर्म भरला का, मागची पट्टी भरली का, रात्रीची पाळी कुणाची, हे सगळे पुलाच्या कठड्यावर बसून ठरे. पाण्यावरून भांडणे तिथेच पेटत आणि तिथेच मिटत. गावच्या चावडीला जेवढा मान, तेवढाच या कठड्याला होता.

*

आवर्तन सुटले की पुलावर पोरांची झुंबड. पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकायचे आणि धीर आला की कठड्यावरून सूर मारायचा. पायऱ्यांवर धुणी, उतारावर गुरे. आवर्तन संपले की तळाच्या डबक्यांत मासे धरायला पुन्हा तीच गर्दी. हे लिहिताना दुसरेही लिहायला हवे. या पाण्याने जीवही घेतले आहेत. मोऱ्यांजवळची ओढ पोहणाऱ्यालाही आवरत नाही. कोणत्या पुलाखाली उतरायचे नाही, हे प्रत्येक गावातल्या आयांना माहीत असे. ती माहिती हाही आठवणींचाच भाग आहे, आणि तो पुढच्या पिढीला आधी सांगितला पाहिजे.

*

पाण्यामागून माणसे आली. सासवडचे माळी या कालव्याच्या काठाने उसाची शेती करत खाली सरकत गेले. पुढे अकलूजजवळ माळीनगरचा साखर कारखाना त्यांनीच उभा केला. पाण्यामागून मीठही आले. अति पाण्याने आणि निचरा नसल्याने जमिनी चोपण झाल्या. हॅरॉल्ड मान यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच केला होता. आजही काही पुलांवरून खालच्या अंगाला पाहिले, की हिरव्या उसाच्या मध्येच पांढरट, उघडा तुकडा दिसतो. समृद्धीची आठवण सांगताना तो तुकडा वगळू नये.

*

तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, अंथुर्णे अशी याच पट्ट्यातून जाते. काटेवाडीला पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या पडतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. बागायतीच्या ऐन मध्यात जिरायतीचे धन, ती मेंढरे, पालखीभोवती धावतात. त्या दिवसांत कॅनॉलला पाणी असले तर पहाटे काठाने आंघोळींची रांग लागते, ओली पातळे भरावावर वाळत पडतात. ज्या काठावर एरवी पाण्याचे हक्क मोजले जातात, तिथे त्या दिवशी कुणी कुणाला विचारत नाही.

*

आता कालवा बदलतो आहे. बारामती शहरात काठ बांधून फिरायला मार्ग केले आहेत. संध्याकाळी म्हातारी माणसे तिथे बसतात, हे चांगलेच आहे. अस्तरीकरणावर मात्र गावोगाव दोन मते आहेत. गळती थांबली तर शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचेल, हे खरे. झिरपा थांबला तर काठच्या विहिरी आटतील, हेही खरे. आणि जुने भराव किती थकले आहेत ते मे २०२५ च्या पावसात पिंपळी-लिमटेकजवळ कालवा फुटला तेव्हा सगळ्यांनी पाहिले. दुरुस्ती व्हायलाच हवी. अरुंद पुलावरून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर जात नाही, तर पूल रुंद करायलाच हवा.

*

माझे म्हणणे एवढेच, की पूल पाडण्याआधी त्याची नोंद व्हावी. कमानी किती, दगड कुठला, हे अभियंते लिहितीलच. गावाने लिहायचे ते वेगळे: या पुलाला लोक काय म्हणतात, वाट कुठून येऊन कुठे जात होती, वरच्या कुठल्या वाडीची माणसे खालच्या कुठल्या शिवारात कामाला येत, कुठे पोहायचे आणि कुठे नाही. शाळेतल्या मुलांनी आजी-आजोबांना विचारून एका वहीत हे सहज उतरवता येईल. मग नव्या पुलाला जुन्याचेच नाव द्यावे. ती वाट ठरवली होती गावाने. नाव ठेवण्याचा हक्कही गावाचाच आहे.