तास नको, लँडिंग मोजा
स्वारगेटहून बारामतीला विनाथांबा एसटी जाते, तशी थांबे घेत जाणारीही जाते. किलोमीटर दोघींचे जवळपास सारखेच. पण ब्रेक कुणाचे आधी झिजतात ते कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. त्याच बारामतीच्या विमानतळावर ९ ऑगस्ट २०२५ ला उतरलेल्या एका प्रशिक्षण विमानाचं पुढचं चाक निखळलं आणि विमान गवतात गेलं. वैमानिक सुखरूप राहिला. त्या घटनेचा निवाडा करणं माझं काम नाही, पण शिकाऊ विमानांची देखभाल करणाऱ्या माझ्यासारख्याच्या मनात असलेली जुनी तक्रार तिनं पुन्हा वर काढली : या विमानांची तपासणी आपण तासांवर ठरवतो, लँडिंगवर नाही.

सेसना १५२ किंवा १७२ घ्या. तपासण्या ५० तासांनी, १०० तासांनी. लांबच्या फेरीवर गेलेलं विमान दोन तासांत एकदा टेकतं. सर्किटला, म्हणजे धावपट्टीभोवती फिरून पुन्हा पुन्हा उतरण्याच्या सरावाला लावलेलं तेच विमान तासात सहा-आठ वेळा, तेही नवख्या हातानं. मागची चाकं लवचिक पोलादी पायांवर असतात, ती बरंच सोसतात. उसळ्या खात विमान पुढच्या चाकावर आदळलं, की धक्का थेट इंजिनामागच्या फायरवॉलला बसतो. मग ऑलिओचा, म्हणजे पुढच्या पायातल्या धक्का शोषणाऱ्या नळीचा चकचकीत दांडा नेहमीपेक्षा कमी दिसू लागतो, खाली लाल तेलाचा ओघळ येतो, फायरवॉलच्या पत्र्याला बारीक सुरकुती पडते, सैल रिव्हेटभोवती काळी कड धरते. पाय एका दिवसात मोडत नाही.

यावर म्हणतात, हार्ड लँडिंगची वेगळी तपासणी आहेच की! आहे, पण कुणी सांगितलं तर. सोलोवरचा, म्हणजे एकट्यानं उडणारा विद्यार्थी, तासाचे पैसे मोजलेले, वर प्रशिक्षकाचा धाक. ‘जरा जोरात बसलं’ एवढंही लिहायला तो कचरतो. शिवाय हार्ड म्हणावं इतकं न आदळलेल्या लँडिंगची बेरीज कुठल्याच तपासणीत येत नाही. खोट शिकवण्यात आहे, हा दुसरा आक्षेप अर्धाच खरा. नवखा आदळणारच, त्यासाठीच तर हे विमान आहे. उरला खर्च. विमान हँगरमध्ये उभं राहिलं की उड्डाणाचे तास बुडतात, कबूल. पण पुढचा पाय मोडला की प्रोपेलर जमिनीला लागतो, मग इंजिनही उघडावं लागतं, आणि वाचवलेले तास त्या बिलापुढे कुठेच लागत नाहीत.

तेव्हा सोलोवर जाणाऱ्यांनो, उतरल्यावर लँडिंगचा आकडा खरा लिहा, आणि एखादं जोरात बसलं असेल तर तेही लिहा. पुढचा पाय तपासायला आम्हाला फार वेळ लागत नाही.