आयुधपूजेतले बूट

म्हैसूरचा दसरा पाहायला तुम्ही कधी आला असाल, तर राजवाड्याची रोषणाई, जंबू सवारीचे हत्ती आणि सोन्याच्या अंबारीतली चामुंडेश्वरी पाहून परत गेला असाल. पण आम्हा म्हैसूरकरांचा घरगुती सण त्याच्या आदल्या दिवशी, नवमीला असतो. आयुधपूजा! त्या दिवशी रिक्षावाल्याची रिक्षा, शिंप्याचं मशीन, सुताराची करवत, सगळ्यांना गंध-फूल मिळतं. घरोघरच्या गाड्यांना झेंडूच्या माळा पडतात आणि रस्त्यात जिकडेतिकडे कुंकू भरलेले कोहळे फुटलेले दिसतात.

आमच्या घरी त्या दिवशी पाटावर एक जादा वस्तू असते. फुटबॉलचे बूट. काळ्या चामड्याचे, टाचेला जरा झिजलेले, आणि तळाला खिळ्यांनी ठोकलेले चामड्याचे स्टड. ते बूट माझे आहेत.

२०२५च्या नवमीला माझी बारा वर्षांची नात पूजेपाशी बसली होती. ती दोन वर्षांपासून फुटबॉल खेळते. त्या दिवशी मात्र तिचं तोंड उतरलेलं होतं. महिन्याभराने जिल्ह्याच्या संघासाठी निवड चाचणी होती आणि बाईसाहेबांनी सकाळीच जाहीर केलं होतं की, ‘मी जाणार नाही.’ कारण विचारलं तर उत्तर नाही. बुटांवर हळदकुंकू वाहताना तिने एकदम विचारलं, “आजी, तू एवढं छान खेळायचीस म्हणतेस, मग सोडलंस का गं?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ चाळीस वर्षांपासून तयार होतं. “लग्न झालं ना बाळ!” ते ऐकून बायका हळहळायच्या, पुरुष मान हलवायचे आणि विषय संपायचा. त्या दिवशी मात्र ते उत्तर माझ्या तोंडून बाहेर पडेना.

माझं माहेर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी ही तालमींची आणि मंडळांची नावं आमच्याकडे देवाच्या नावासारखी घेतली जातात. कुस्तीच्या तालमीच पुढे फुटबॉलचे संघ झाले. शाहू स्टेडियमवर सामना असला की माझे दोन्ही भाऊ दुपारीच पसार व्हायचे आणि रात्री घसा बसवून परत यायचे. जिंकले तर आईच्या पाया पडायचे, हरले तर जेवायचे नाहीत. आमच्या घरच्या मुलींनी मात्र स्टेडियमवर जायची पद्धत नव्हती. मी गल्लीत उभी राहायची. भावांचा चेंडू गटाराकडे गेला की पायानेच परत मारायची. मारता मारता तो नेमका हवा तिथे जाऊ लागला.

१९७७ साली कॉलेजात गेले. आमच्या क्रीडा शिक्षकांच्या डोक्यात मुलींचा फुटबॉल संघ काढायचं आलं. खो-खोच्या सहा मुली, हॉकीच्या चार आणि कुठल्याच खेळातली नसलेली मी, असा आमचा संघ झाला! पहिल्याच सामन्यात आम्ही सात गोल खाल्ले. बघायला आलेल्या मुलांनी प्रत्येक गोलाला टाळ्या वाजवल्या. त्या सातव्या टाळीने मला जी चीड आली, तिच्यावर मी पुढची तीन वर्षं खेळले.

बूट वडिलांनी करून दिले. ते एका दुकानात हिशेबनीस होते, पगार बेताचा. बायकांच्या मापाचे फुटबॉलचे बूट आम्हाला कुठेच मिळेनात. मग वडील मला चप्पल लाइनीतल्या एका ओळखीच्या कारागिराकडे घेऊन गेले. वाटेत म्हणाले, “मुलाचे आहेत म्हणून सांगू.” कारागिराने कागदावर माझं पाऊल आखून घेतलं, पायातल्या पैंजणाकडे पाहिलं आणि गालात हसून म्हणाला, “मुलगा गुणाचा दिसतोय, साहेब.” पैसे मात्र त्याने कमी घेतले.

त्या काळी बायकांचा फुटबॉल म्हणजे पोरके पोर होतं. १९७५ साली महिला फुटबॉलची वेगळी संघटना निघाली आणि त्याच वर्षी लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. देशाच्या मुख्य फुटबॉल महासंघाने या खेळाला पदराखाली घेतलं ते थेट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. ज्या इंग्लंडने जगाला फुटबॉल शिकवला, तिथे १९२० साली लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला ५३ हजार माणसं लोटली होती. पुढच्याच वर्षी तिथल्या संघटनेने ‘हा खेळ बायकांना योग्य नव्हे’ म्हणून आपल्या मैदानांची दारं त्यांना बंद केली. ती उघडली पन्नास वर्षांनी, १९७१ला!

आणि तरीही आपल्या मुली खेळत होत्या. बंगालच्या शांती मलिक आणि कुंतला घोष दस्तिदार, कर्नाटकच्या चित्रा गंगाधरन, गोव्याच्या योलांडा डिसोझा. जानेवारी १९८०मध्ये कालिकतला आशियाई स्पर्धा झाली. भारताने दोन संघ उतरवले आणि त्यातला एक अंतिम सामन्यापर्यंत पोचला. १९८१ला हाँगकाँगमध्ये तिसरा क्रमांक, १९८३ला बँकॉकमध्ये पुन्हा उपविजेतेपद. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलसाठी तो मिळवणारी ती पहिली स्त्री. कालिकतच्या बातमीचं कात्रण वडिलांनी कापून पंचांगात ठेवलं होतं.

त्याच वर्षी, १९८०च्या एप्रिलमध्ये, मला निवड शिबिराचं पत्र आलं. तीन आठवडे, परगावी. आई कुरकुरली, “उन्हात काळी होशील, गुडघा फुटला तर कोण करून घेणार?” पण वडिलांनी तिची समजूत काढली. एस.टी.चं तिकीट काढलं, बुटांना तेल लावलं, लाडवांचा डबाही भरला.

आणि आदल्या रात्री मी सांगितलं, “गुडघा दुखतोय. मी जात नाही.”

गुडघा मुळीच दुखत नव्हता. मला भीती वाटली होती. कॉलेजात मी सर्वांत चांगली होते. तिथे राज्यभरातल्या मुली येणार, त्यांत मी शेवटची ठरले तर? सात गोलांची टाळी मी एकदा सोसली होती, पण ती संघावर पडली होती. आता एकटीवर पडणार होती. वडिलांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक शब्द बोलले नाहीत. तिकीट त्यांनी पंचांगात, त्या कात्रणाशेजारी ठेवून दिलं.

माझं लग्न झालं ते त्यानंतर दोन वर्षांनी.

सासर म्हैसूरचं. चार पिढ्या इथे राहिलेलं मराठी घर. मामंजी अशोकपुरमच्या रेल्वे वर्कशॉपात होते. सासूबाईंच्या मराठीत निम्मं कन्नड. पहिल्या दसऱ्याला, १९८२ साली, मामंजींचे पाने-हातोडे, यांची सायकल, माझ्या नणंदेची वीणा, सगळं पाटावर मांडलं गेलं. सासूबाईंनी मला विचारलं, “तुझं काय ठेवायचं? आणलीस की नाही माहेराहून काही?” मी गंमतीने म्हटलं, “माझं आयुध पायात घालायचं आहे हो आई, देवापुढे चालणार नाही.” ट्रंकेतले बूट काढून दाखवले. आता बोलणी बसणार असं मला वाटलं. चामड्याचे बूट आणि देवाच्या पाटावर!

सासूबाईंनी ते हातात घेतले, उलटे करून स्टड पाहिले. “अय्यो, एवढे खिळे! घट्ट उभं राहायला असतात का गं हे?” मी हो म्हटलं. त्यांनी फडक्याने बूट पुसले आणि पान्या-हातोड्यांच्या शेजारी मांडले. मामंजी काही बोलणार तोच म्हणाल्या, “तुमचा हातोडा काय रेशमाचा आहे? ज्याने काम होतं ते आयुध.”

पूजा झाल्यावर त्यांनीही मला विचारलं होतं, “मग खेळ सोडलास का?” मी उत्तर दिलं, “लग्न ठरलं ना.” खोटं उत्तर पहिल्यांदा दिलं ते तेव्हा, आणि तेही माझ्या बुटांना फूल वाहणाऱ्या बाईला. त्या गेल्या तरी दर नवमीला बूट पाटावर मांडायचं काही चुकलं नाही. आणि दर नवमीला मनात ते एक कुसळ टोचत राहायचंच.

मध्यंतरी मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवींबद्दल वाचनात आलं. जन्म १९८०चा, म्हणजे मी एस.टी.चं तिकीट फुकट घालवलं त्याच वर्षीचा! लहानपणी मुलांच्या संघात घ्यावं म्हणून ही पोर मुलाचं नाव सांगून खेळायची. पंधराव्या वर्षी भारताकडून खेळली, पुढे कर्णधार झाली. तिच्या काळात भारताने दक्षिण आशियाई विजेतेपदं जिंकली. २०१४ला ती मालदीवच्या क्लबकडूनही खेळली. मणिपूर पोलिसांतली नोकरी सांभाळून वीस वर्षं खेळून, २०१६ला शिलाँगच्या दक्षिण आशियाई स्पर्धेतलं सुवर्णपदक गळ्यात घालून ती निवृत्त झाली. २०१७ला अर्जुन पुरस्कार, २०२०ला पद्मश्री. लोक तिला ‘भारतीय फुटबॉलची दुर्गा’ म्हणतात. चामुंडीच्या गावात राहून हे वाचताना मला एक गोष्ट लख्ख कळली. मी स्वतःला ‘निवृत्त खेळाडू’ म्हणवून घेत आले होते. पण निवृत्त व्हायला आधी पुरतं खेळावं लागतं. मी निवृत्त नव्हते, मी पळाले होते.

तर त्या दिवशी नातीला मी खरं सांगितलं. पत्र, तिकीट, लाडवांचा डबा, न दुखणारा गुडघा, सगळं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. हे बाजूला बसले होते, तेही थक्क होऊन ऐकत राहिले. नात बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, “मलाही तेच वाटतंय आजी. सगळ्यांत वाईट मीच खेळले तर?”

मी म्हटलं, “तर वाईट खेळून घरी ये. मी पोळ्या करून ठेवते.”

मग तिला आणखी एक गोष्ट सांगितली. १९८३ला बँकॉकच्या अंतिम सामन्यात थायलंडने आपल्याला ३-० असं हरवलं होतं. २०२५च्या जुलैमध्ये त्याच थायलंडला, त्यांच्याच देशात, चिआंग माईला, आपल्या मुलींनी २-१ असं हरवलं आणि पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मध्ये बेचाळीस वर्षं गेली. त्या बेचाळीस वर्षांत किती मुली हरून घरी गेल्या असतील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर आल्या असतील! त्या आल्या म्हणून हा दिवस दिसला.

नात चाचणीला गेली. निवड झाली नाही. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. मी काही समजूत घातली नाही, नुसती पाठीवरून हात फिरवत बसले. अर्ध्या तासाने उठली, तोंड धुतलं, तीन पोळ्या खाल्ल्या आणि तोंडात घास असतानाच विचारलं, “पुढच्या वर्षीची चाचणी कधी असते गं?”

तिचे चिखलाने भरलेले बूट दारात पडले होते. मी ते धुतले, पुसले आणि माझ्या बुटांशेजारी वाळत ठेवले. येत्या नवमीला पाटावर दोन जोड मांडायचे आहेत.