थकबाकी

केंद्र सरकारच्या कोणत्याही कचेरीत दुपारच्या चहाला चार माणसे जमली, की बोलण्याचा ओघ थोड्याच वेळात अठरा महिन्यांच्या थकबाकीकडे वळतो. वाचकांपैकी बहुतेकांना ही कथा तोंडपाठ असेल. १ जानेवारी २०२० पासून महागाईभत्त्याचे तीन हप्ते गोठविण्यात आले. १ जुलै २०२१ पासून दर १७ टक्क्यांवरून एकदम २८ टक्क्यांवर नेण्यात आला. मधल्या काळाची रक्कम मात्र कोणाच्या पदरात पडली नाही. दर भरून आला, थकबाकी राहिली ती राहिलीच. हा भेद कारकुनाला समजावून सांगावा लागत नाही. परंतु त्याच भेदाचा एक निराळा अर्थ मला कुम्हारीला बिऱ्हाड केल्यावर उमगला, आणि त्याचा पैशाशी काही संबंध नव्हता.

कुम्हारी हे गाव रायपूर आणि भिलाई यांच्या दरम्यान, खारून नदीच्या दुर्ग जिल्ह्याकडील अंगाला वसले आहे. गावाजवळून मुंबई-हावडा लोहमार्ग जातो आणि जी. ई. रोडवरून अहोरात्र ट्रक धावत असतात. ज्यांची कचेरी शहरात असते पण ऐपत शहरात राहण्याची नसते, अशा माझ्यासारख्यांना हे गाव सोयीचे. शेजारच्या भिलाईची कीर्ती दुहेरी. १९५९ च्या फेब्रुवारीत तेथील पहिली झोतभट्टी पेटली ही एक; आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांसाठी मुले घडविणारे शहर ही दुसरी. शिकवणीवर्गांच्या भल्यामोठ्या पाट्यांवर यशस्वी मुलांचे हसरे चेहरे झळकत असतात. त्या पाट्यांच्या सावलीत सरकारी शाळांतील जी मुले वावरतात, त्यांची छायाचित्रे अर्थातच कोठे नसतात.

आमच्या वस्तीत एक सामुदायिक भवन आहे. आपण ज्याला समाजमंदिर म्हणतो तेच. तेथे संध्याकाळी सहाच्या सुमारास महाविद्यालयातील चार-पाच मुलेमुली सरकारी शाळेतल्या पोरांना घेऊन बसतात. आरंभ झाला तो राष्ट्रीय सेवा योजनेचे तास भरण्यासाठी. ही योजना १९६९ ची, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षातली; तीत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजकार्याला द्यावयाचे असतात. मौज अशी की तास भरून झाले, तरी ही मंडळी यावयाची थांबली नाहीत.

त्यांच्यापुढे जे काम आहे त्याचे मूळ अर्थात त्याच काळात आहे, ज्या काळात आपला भत्ता गोठला होता. छत्तीसगडमधील शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या, त्या २ ऑगस्ट २०२१ पासून हळूहळू उघडल्या. राज्याने प्रयत्न केले नाहीत असे नाही. ‘पढई तुंहर दुआर’, म्हणजे शिक्षण तुमच्या दारी, ही योजना २०२० च्या एप्रिलमध्येच निघाली. ज्यांच्या घरी योग्य तो फोन नव्हता त्यांच्यासाठी पुढे मोहल्ल्यामोहल्ल्यांत वर्ग भरले, काही गावांत तर ध्वनिक्षेपकावरून धडे झाले. तरीही जे निसटावयाचे ते निसटलेच. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये छत्तीसगडसह पाच राज्यांतील १,१३७ सरकारी शाळांमधील १६,०६७ मुलांची पाहणी केली. भाषेतील निदान एक पूर्वी येत असलेली गोष्ट ९२ टक्के मुले विसरली होती. गणिताच्या बाबतीत हे प्रमाण ८२ टक्के होते. विद्येला चोराचे भय नाही असे सुभाषितकारांनी आपल्याला बजावले आहे. चोर आलाच नव्हता. दार बंद होते, एवढेच.

पुढे आकडे सुधारले. ‘असर’च्या पाहणीत ग्रामीण भारतातील सरकारी शाळांमध्ये तिसरीत असून दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये १६.३ टक्के होती. २०२४ मध्ये ती २३.४ टक्के झाली. वृत्तपत्रांनी हानी भरून निघाल्याचे लिहिले. कारकुनाची सवय म्हणून मी जरा मागच्या तारखा ताडून पाहिल्या. २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुले २०२० मध्ये चार वर्षांची होती; त्यांची शाळा बंद पडलीच नव्हती, कारण ती सुरूच झाली नव्हती. ज्यांची पहिली-दुसरी बंद दारामागे गेली ती मुले केव्हाच पुढच्या इयत्तांत सरकली. तिसरीच्या रकान्यात त्यांचा हिशेब आता कधीच यावयाचा नाही. इयत्ता सावरली; मुलाचे काय? दर भरून आला आणि थकबाकी राहिली, ती अशी.

अशी एक थकबाकी मी डोळ्यांनी पाहिली. महामार्गालगत ट्रकचे टायर दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थाचा मुलगा २०२० च्या मार्चमध्ये पहिलीत होता. यंदा, २०२५-२६ मध्ये, तो सातवीत आहे. त्याच्या वह्या पाहाव्यात तर अक्षर मोत्यासारखे. फळ्यावरचे तो बिनचूक उतरवून घेतो. हजेरीपटात त्याचे नाव आहे, प्रगतिपुस्तकात दरवर्षीची बढती आहे. फक्त आपण उतरविलेले त्याला वाचता येत नाही. अक्षराला अक्षर जोडता जोडता शब्दाच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ हरवून जातो. कागदोपत्री सर्व ठीक असणे म्हणजे काय, हे आपल्या पेशातल्या माणसाला याहून अधिक कोण सांगणार!

त्याला शिकविणारी मुलगी विज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आहे. पोरे तिला दीदी म्हणतात. तिने पहिल्याच आठवड्यात सातवीचे पुस्तक मिटून बाजूस ठेवले आणि त्याला विचारले, “तुझे वडील काय करतात?” तो छत्तीसगढीत म्हणाला, “ददा ह चक्का बनाथे.” म्हणजे बाबा चाक दुरुस्त करतात. तिने तेच वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यापुढे धरले. स्वतःच्या तोंडचे वाक्य कागदावर भेटल्यावर ते वाचावयास त्याला फार कष्ट पडले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन वाक्ये झाली, मग पाच. शाळेची हिंदी आणि घरची छत्तीसगढी यांच्यामधला ओढा अशा रीतीने ओलांडला गेला.

त्या वर्गात इयत्ता विचारीत नाहीत. अक्षरे न ओळखणारे एकीकडे, शब्द वाचणारे दुसरीकडे, उतारा वाचणारे तिसरीकडे. पाचवीचा आणि सातवीचा मुलगा एकाच सतरंजीवर बसून झाडूच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधतो, आणि बावन्नातून सदतीस वजा करावयाचे झाले की एक जुडी सोडतो. इयत्तेऐवजी येत असलेल्या गोष्टीपासून आरंभ करण्याची ही रीत ‘प्रथम’ संस्थेने देशभर रुजविली. मुंबईत १९९५ च्या सुमारास सुरू झालेल्या त्या कामात डॉ. माधव चव्हाण हे एक संस्थापक. शाळेच्या शिक्षकाला हे कळत नाही असे नव्हे. परंतु त्याला अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो, मतदारयाद्या पाहावयाच्या असतात आणि कित्येकदा दोन वर्ग एकदम सांभाळावयाचे असतात. दीदीच्या मागे यांतले काहीच नाही. तिची सारी सत्ता एवढीच, की तिला कोठेही पोहोचण्याची घाई नसते.

आणि तिची स्वतःची बाकीही काही कमी नाही. २०२१ मध्ये येथील दहावीची परीक्षा रद्द झाली, त्या तुकडीतली ती. “हमारी दसवीं तो घर बैठे निकल गई, भैया,” असे ती मला सहज म्हणाली. अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागताना दुसरा उलटा का करावयाचा, असे एका मुलीने विचारले तेव्हा तिला उत्तर देता आले नाही. दोन दिवस तिने ते घरी पोळीचे तुकडे करून सोडविले आणि मग येऊन सांगितले. नियम तिला पूर्वीही ठाऊक होता. तो समजला मात्र आत्ता.

इतरत्रही या मार्गाने माणसे गेली आहेत. इस्राएलमध्ये १९७४ पासून ‘पेराख’ योजनेखाली विद्यापीठातील विद्यार्थी गरजू मुलांना शिकवितात आणि त्याबद्दल त्यांना शिष्यवृत्ती मिळते. इटलीत २०२० च्या टाळेबंदीत विद्यापीठाचे विद्यार्थी आठवड्यातून काही तास गरीब घरांतील मुलांना दुरून शिकवीत. त्या मुलांचा अभ्यास सुधारला, मनही सावरले, असे परीक्षणात आढळले. आपल्या या प्रांतात तर एक जुना मराठी दाखला आहे. माधवराव सप्रे पदवी घेतल्यावर पेंड्रा येथे राजकुमाराचे शिक्षक झाले, आणि तेथूनच १९०० मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ काढले. एका पदवीधराने एका मुलाशेजारी बसावे, हे त्या काळी राजपुत्राचे भाग्य होते. आज ते टायरवाल्याच्या मुलाला रोज अर्धा तास लाभते.

या कामाला मर्यादा आहेत. महाविद्यालयाच्या परीक्षा आल्या की समाजमंदिराला कुलूप लागते. दीदीने रेल्वेभरतीचा अर्ज भरला आहे. नेमणूक झाली तर तीही आपल्यासारखी कोठेतरी दूर जाईल. शिवाय वेळ थोडा आहे. राज्यात २०२४-२५ पासून पाचवी आणि आठवीच्या केंद्रीय परीक्षा पुन्हा सुरू झाल्या, आणि डिसेंबर २०२४ च्या नियमांनी नापास मुलाला त्याच इयत्तेत ठेवण्याची मुभाही दिली. म्हणजे ज्याला सहा वर्षे कोणी अडविले नाही, त्याला आठवीत प्रथमच अडविले जाईल, तेही त्याच्या हातून न घडलेल्या गोष्टीसाठी.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी महाविद्यालयात जाणारी मुले आहेत. परप्रांतात त्यांना करमत नाही, अशी आपली तक्रार असते. त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी जवळच्या सरकारी शाळेतल्या एखाद्या मुलाशेजारी बसावे. त्याची भाषा त्यांना येत नसेल तर तोच ती शिकवील. गेल्या आठवड्यात त्या सातवीतल्या मुलाने गोष्टीचे एक पान थांबत थांबत, पण शेवटपर्यंत वाचले. अजून पाच इयत्तांचे अंतर उरले आहे. मार्चपर्यंत किती कापले जाईल याचा अंदाज दीदी करीत नाही. दुसऱ्या दिवशीचे पान तेवढे ती काढून ठेवते.