अर्धा तास कुणी हाक मारू नये

गुडघ्यांमुळे गेल्या पावसाळ्यापासून मी दवाखान्यात जमिनीवर आडवा होत नाही. खाली जाता येतं, पण उठायला कंपाउंडरचा खांदा लागतो, आणि पेशंटसमोर ते मला नको वाटतं. लालबागच्या दवाखान्यात बसायला लागल्यापासून रक्तदाबाच्या पेशंटला शवासन मी स्वतः करून दाखवत आलो. मागच्या खोलीत सतरंजी अंथरायची, दाराला कडी घालायची आणि उताणं पडायचं. अंग सुटतं म्हणजे काय, हे सांगून कळत नाही. जबडा, जीभ आणि हाताची बोटं सगळ्यांत उशिरा सुटतात, ते बघावंच लागतं. मला ते दाखवायला फार आवडायचं. ‘डॉक्टर, तुमच्यासारखं आम्हाला नाही हो जमत,’ हे ऐकण्याची मला सवय लागली होती. या भागात गोळ्या लिहिणारे पुष्कळ, शवासन शिकवणारा मी एकटा, असा माझा अभिमान होता. तो अजून पुरता गेलेला नाही.

वास्तविक ही विद्या आमच्या परळचीच. १९६९ साली केईएम रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात शवासन आणि उच्च रक्तदाब यांवर निबंध छापला. लोणावळ्याच्या कैवल्यधाम योगसंस्थेचे डॉ. विनेकर त्यात होते. पेशंट ४७. रोज अर्धा तास पडून राहायचं, लक्ष नाकपुडीतून आत-बाहेर होणाऱ्या श्वासाच्या स्पर्शावर. काहींचा दाब उतरला, काहींच्या गोळ्या बऱ्याच कमी करता आल्या, सगळ्यांना गुण आला नाही. पुढे इंग्लंडात क्रॉयडनला माझ्यासारखीच जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉ. चंद्रा पटेल यांनी हेच धरून प्रयोग केले. ते १९७३ आणि १९७५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि १९७५च्या प्रयोगात तुलनेसाठी वेगळा गटही होता. म्हणजे हे थोतांड नव्हे. गोळीच्या जोडीने, गोळी न सोडता करायचं हे काम आहे.

माझं घोडं अडलं ते त्या अर्ध्या तासापाशी, आणि आजही तिथेच अडलेलं आहे.

पुरुषांचं त्या मानाने सोपं होतं. गिरण्या चालू होत्या तेव्हा रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपला की पोरं गॅलरीत पळायची नाहीत, बाईमाणूस मोरीत भांडंसुद्धा हळू ठेवायची. घराला गप्प राहणं ठाऊक होतं, पण ते पगार आणणाऱ्यासाठी. त्याच गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बाया होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली, त्या बाया. पहाटेपासून स्टोव्हपुढे, तिन्ही पाळ्यांच्या जेवणाच्या वेळा सांभाळायच्या. त्यांच्यातल्या कितीजणींचे दाब मी मोजले. पट्टा हाताला असतानाही नजर दाराकडे. अशा बाईला ‘अर्धा तास डोळे मिटून पडा’ असं सांगायचं. ती मान हलवायची, कारण डॉक्टरला नाही म्हणायचं नसतं.

मी वेळा बदलून पाहिल्या. पहाटे पाण्याची वेळ. सकाळी डबे. दुपारी भांडी झाली की पोरं शाळेतून येतात. रात्री सगळं आवरून पडली की दोन मिनिटांत झोप, आणि झोप म्हणजे शवासन नव्हे, त्यात मन जागं हवं. जागा बदलून पाहिल्या. पोटमाळ्यावर उकाडा, कॉमन गॅलरीत येणारे-जाणारे. मग मी दवाखाना बंद असतो त्या दुपारच्या वेळात मागची खोली दिली. बाया येऊ लागल्या. दाबाचा वरचा आकडा उतरायचा, खालचाही उतरायचा, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसायचं. पण घरचा आकडा तसाच. दवाखान्यातला आराम जिना उतरेपर्यंत टिकायचा.

मग मी मनाशी ठरवलं की दोष खोलीचा आहे. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, त्यात सहा-सात माणसं. तिथे कोण कुठे पडणार? टॉवर झाले, दाराची बेडरूम मिळाली, की हे सुटेल असं मी बोलूनही दाखवायचो. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. आमच्या बाजूच्या चाळींतली माणसं त्याआधीच टॉवरमध्ये राहायला गेली होती. त्यांतल्या एका काकूंना मी आवर्जून सांगितलं, आता दार लावा आणि पडा. पहिल्या दिवशी मुलाने दार वाजवलं, ‘आई, बरं नाही का?’ दुसऱ्या दिवशी सून विचारून गेली, ‘काही चुकलं का माझं?’ तिसऱ्या दिवसापासून काकूंनी दार लावणं सोडलं. मला म्हणाल्या, ‘दार आहे हो डॉक्टर, पण आजारी पडल्याशिवाय लावता येत नाही.’ त्यांचा दाब चाळीत होता तेवढाच आहे.

इकडे बाकीच्यांनी सगळं सोपं करून ठेवलंय. दादरच्या योगवर्गांत शवासन म्हणजे शेवटची दोन मिनिटं, वर बासरीची कॅसेट. मधुमेह ‘उलटवून’ देणारी पॅकेजं मोबाइलवर विकली जातात. त्यांत पावलं मोजतात, ताट मोजतात. माझ्या बाकड्यावर डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ‘दोनदाच जेवा’ आणि ऋजुता दिवेकरांचं ‘थोडं थोडं खा’ यावरून पेशंट तावातावाने भांडलेत. भांडणारे बहुतेक पुरुष. घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं आणि किती वाजता, हे त्या भांडणात कुणाच्या तोंडी आलं नाही. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ आमच्याकडे घराघरांत गेलं. त्या माणसाने आपल्या आजाराकडे पाहून आपलं जगणंच तपासायला घेतलं. मी मात्र ते वाचून तेल बदललेली घरं पाहिली. दिवसाचा क्रम बदललेलं घर क्वचित. आणि घरी जाऊन हे बघणारा फॅमिली डॉक्टर आता उरला कुठे? आमच्यातल्या बहुतेकांची मुलं सुपरस्पेशालिस्ट झाली, दवाखान्यांच्या जागी मोबाइलची दुकानं आली. मला याचं वाईट वाटतं, आणि ते मी लपवत नाही.

गुडघे गेल्यावर दाखवायला कुणीतरी हवं होतं. म्हणून आता मी पेशंटसोबत मुलाला किंवा सुनेला बोलावतो आणि आधी त्यांनाच सतरंजीवर पाडतो. आई खुर्चीवर बसून बघते. आठ-दहा मिनिटांत श्वास संथ झाला, हात जड झाला, की बाहेरून कंपाउंडर त्यांच्या नावाने हाक मारतो, घरात मारतात तशी. दचकून उठलेल्या माणसाची नाडी मी त्याच्याच बोटांना मोजायला लावतो. एक तरुण मुलगा नाडी धरून बराच वेळ बसून राहिला, मग आईकडे बघून म्हणाला, ‘हे तुला दिवसभर होतं?’ माझ्या पडून दाखवण्याने हे कधी घडलं नव्हतं. हे मान्य करायला मला जड जातं, कारण ते पडून दाखवणं मला प्रिय होतं.

केसपेपरवर गोळीच्या खाली मी आता लिहितो, ‘दुपारी ३ ते ३.३०, हाक मारू नये,’ आणि खाली घरातल्या एकाचं नाव, बेल आणि फोन बघणाऱ्याचं. काही घरांत हे चालतं, तिथे आकडे हळूहळू उतरताहेत. काही घरांत कागद फ्रिजवर चिकटवलेला आहे आणि आई ओट्यापाशी उभी आहे. गणपतीत तर सगळ्याच घरांत हा नेम सुटतो; पाहुणे, प्रसाद, जागरण.

तुमच्या आईला किंवा बायकोला दाबाची गोळी सुरू असेल, तर ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि उद्या दुपारी अर्धा तास बेल, फोन आणि कुकर तुम्ही सांभाळा. ती पडली असताना काय झालं म्हणून विचारायला जाऊ नका.