रात्री झोपता कुठे?

ब्रिटनमधल्या आर्किटेक्टला तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूटचं सभासदत्व टिकवायचं असेल तर वर्षाला किमान ३५ तास शिकल्याचं दाखवावं लागतं. अमेरिकन इन्स्टिट्यूटचा आकडा १८ तासांचा, आणि त्यातले १२ आरोग्य, सुरक्षितता आणि लोकहित यांच्याशी संबंधित विषयांचे. आपल्याकडे १९७२ चा वास्तुविशारद कायदा आहे, त्याखाली स्थापन झालेली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर आहे. पाच वर्षांची पदवी घेतली की नाव नोंदवलं जातं. माझं नोंदवलं गेलं त्याला पाव शतक होत आलं. नूतनीकरणाचं शुल्क मी न चुकता भरते. पण मधल्या काळात काय नवीन शिकलात, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

शिकायची सोय नाही असं मात्र नाही. कौन्सिलचं प्रशिक्षण आणि संशोधन केंद्र पुण्यातच आहे. व्याख्यानं होतात, चर्चासत्रं होतात. मी पुष्कळांना गेले आहे. वातानुकूलित सभागृह, काचा किंवा टाइल विकणारा प्रायोजक, पडद्यावर हिरवी पानं आणि बाणांच्या आकृत्या, जेवणानंतर प्रमाणपत्र. सगळीच वाईट असतात असं नाही. ‘इको निवास संहिता’ म्हणजे काय, घराच्या छतातून आत येणाऱ्या उष्णतेला तिनं मर्यादा का घातली, हे मी अशाच एका व्याख्यानात पहिल्यांदा नीट समजून घेतलं. पण बहुतेक वेळा आपण जे आधीच मानतो तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकून येतो.

म्हणून आम्ही काही जण शहराबाहेर जायला लागलो. संस्था नाही, नाव नाही, प्रमाणपत्र तर नाहीच. कुणाच्या तरी ओळखीनं एखादं घर गाठायचं, तिथे मुक्काम करायचा, मोजमापं घ्यायची, घरच्यांशी बोलायचं. राजुरीला आम्ही असेच पोचलो.

पुण्याहून नाशिक रस्त्यानं नारायणगाव ओलांडून आळेफाट्याला यायचं आणि उजवीकडे नगरच्या दिशेला वळायचं. जुन्नर तालुक्याचा पश्चिम भाग नाणेघाटाकडचा, धो धो पावसाचा. राजुरी-बेल्हे-आणे हा पूर्वेकडचा पट्टा कोरडा. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यानं तालुक्यातल्या शेतीचं रूप पालटलं. आता इथे ऊस आहे, कांदा आहे, दारोदार संकरित गाई आहेत. राजुरीत कृषी पर्यटनही रुजलं आहे, त्यामुळे चार शहरी माणसं टेप घेऊन भिंती मोजताना दिसली तर कुणाला फारसं नवल वाटत नाही.

आमचे यजमान तात्या मळ्यात राहतात. एकाच अंगणात दोन घरं. एक वडिलांच्या वेळचं, दगड-मातीचं, सागवानी खांब-तुळयांचं, चार खणांचं. वरचं माळवद गळायला लागलं म्हणून कधीतरी काढून पत्रा टाकलेला. दुसरं धाकट्या भावानं बांधलेलं, विटांच्या सहा इंची भिंतींचं, वर स्लॅब. तात्यांचा प्रश्न सरळ होता: जुनं पाडून असाच स्लॅब टाकावा, की दुरुस्त करावं?

उत्तर आम्ही गाडीतच ठरवून आलो होतो. जुनं घर दिसलं की आर्किटेक्टचं मन भरून येतं. आमच्यातल्या एका मित्रानं तर अंगणातच वर्ग घेतला. दीड फूट जाडीची भिंत ऊन लगेच आत सोडत नाही, दुपारची उष्णता आतल्या बाजूला यायला आठ-दहा तास घेते, म्हणून दुपारी घर गार राहतं वगैरे. सगळं बरोबर. तात्यांचे दोन्ही मुलगे माना डोलवत होते. काकू दारात कांदा निवडत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “दुपारी गार ऱ्हातं, ते खरंय. पण दुपारी घरात असतं कोण? रात्री आत झोपून बघा.”

“पूर्वी कुठे झोपायचात, काकू?” मी विचारलं.

“उन्हाळ्यात सगळं घर अंगणात. सासूबाई ओट्यावर. आता बिबट्या आल्यापून दारं लावून आत पडावं लागतंय.”

मित्राचा वर्ग तिथेच संपला. दुपारचं ऊन आठ-दहा तासांनी आत येतं, म्हणजे नेमकं कधी? रात्री दहा-अकराला. जाड भिंत दिवसभर साठवलेलं रात्री खोलीत सोडते, आणि तेव्हा खोलीत कुणी नसेल तर ती भिंत उत्तम. आमच्या पुस्तकांतलं जुन्या घराचं कौतुक अंगणातल्या बाजेवर उभं आहे, आणि ती बाज नकाशात कुठेच काढलेली नसते. बिबट्यानं ती काढून घेतली आणि घराचं गणितच उलटं झालं.

बिबट्या हा या भागात गप्पांचा विषय राहिलेला नाही. वन खात्याच्या जुन्नर विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि बाराही महिने दाट उभ्या असलेल्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घालू लागली. सन २००० नंतरच्या काही वर्षांत इथे माणसांवर हल्ले झाले, आणि ते चक्र अजून थांबलेलं नाही. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. शेतीला रात्री मिळणारी वीज दिवसा द्या, ही मागणी इथले शेतकरी जीव मुठीत धरून करतात. आणि आम्ही शाश्वत वास्तुकलेच्या नावानं इतकी व्याख्यानं ऐकली, त्यांतल्या एकातही बिबट्या नव्हता.

त्या रात्री आम्ही दोन्ही घरांत तापमान मोजत बसलो. एप्रिल होता. बाहेरची हवा नऊनंतर निवायला लागली. स्लॅबच्या खालच्या बाजूवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला, तर मध्यरात्रीच्या सुमारालाही ती अंगणापेक्षा बरीच गरम. त्या घरातली मुलं फरशीवर पाणी शिंपडून झोपली होती. जुन्या घरात पत्रा कधीच गार पडला होता, पण भिंती उबदार, आणि खिडक्या दोनच, त्याही फूटभराच्या. पत्र्याची चांगली बाजू मला त्या रात्री पहिल्यांदा दिसली. तो दुपारी भाजतो, पण ऊन गेलं की तासाभरात सोडून देतो.

दिवसाची खोली जड आणि रात्रीची खोली हलकी असावी, ही काही आमची शोधलेली गोष्ट नाही. ओटो कोनिग्सबर्गर नाझी जर्मनी सोडून भारतात आले, म्हैसूर संस्थानचे मुख्य वास्तुविशारद झाले, पुढे १९७० च्या दशकात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर उष्ण प्रदेशातल्या घरांवर जे पुस्तक लिहिलं त्यात हे आहे. विद्यार्थी असताना मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं. राजुरीहून परतल्यावर पुन्हा काढून वाचलं तेव्हा त्यातल्या ओळींना काकूंचा आवाज होता.

सकाळी तात्यांच्या थोरल्या मुलानं गोठा दाखवला, आणि मला वाटतं त्या मुक्कामातलं सर्वांत चांगलं डिझाइन तेच होतं. मुक्तसंचार गोठा: गाई बांधलेल्या नाहीत, मोकळ्या फिरतात, सावलीला मधोमध उंच छप्पर, कण्याला फट ठेवलेली, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते. संकरित गाईला माणसापेक्षा उकाडा लवकर बाधतो. तापमान आणि आर्द्रता यांचा मिळून जो निर्देशांक काढतात तो ७२ च्या वर गेला की जास्त दूध देणाऱ्या गाईवर ताण यायला लागतो. हा आकडा मला त्या मुलानं सांगितला; कुठल्या तरी पशुवैद्यकाच्या शिबिरात तो शिकून आला होता. पण उघडा गोठा म्हणजे बिबट्याला आमंत्रण. म्हणून त्यानं चारी बाजूंनी जाळी छपरापर्यंत नेली होती, खाली दोन फूट दगडी बांध, आणि दाराला आतबाहेर दोन्हीकडून लागणारी कडी. वारा आत येतो, जनावर येत नाही.

“गाईंना असं केलंस, आणि आई-वडिलांना?” आमच्यातल्या एकीनं विचारलं. तो हसला. पण झोपायच्या खोलीचा आराखडा तिथेच, गोठ्याच्या दारात सुरू झाला.

शेजारी कांदाचाळ होती. तिच्यापाशीही आम्ही बराच वेळ रेंगाळलो. जमिनीपासून उचललेला फळ्यांचा तळ, रुंदी चार फुटांच्या आसपास, कारण त्याहून जास्त ठेवली की मधल्या कांद्याला हवा लागत नाही. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधायची, दुपाखी पूर्व-पश्चिम. कांदा-लसणाची राष्ट्रीय संशोधन संस्था इथून जवळ राजगुरुनगरला आहे, आणि तिथली शिफारस शेतकऱ्याच्या तोंडी आहे. खोलीची खोली किती ठेवली तर वारा आरपार जाईल, हे आम्ही शहरात सॉफ्टवेअरवर शोधतो. कांद्याला जे मिळतं ते पुण्यातल्या वन बीएचकेला मिळत नाही, हे माझं मत मी तिथे बोलून दाखवलं आणि ते अजून कायम आहे.

दुपारी गावातले एक गवंडी मामा आले. सत्तरीच्या पुढचे. त्यांनी भिंतीवर बोटं वाजवली, एका जागी थांबले आणि म्हणाले, “इथं पोट सुटलंय.” दगडी भिंत म्हणजे प्रत्यक्षात दोन भिंती असतात, बाहेरची आणि आतली, मध्ये माती आणि खडीचा भराव. दोघींना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड नसेल तर भिंत फुगते, आणि हादरा बसला की दोन बाजूंना फाकते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला हेच झालं. जाड दगडी भिंती, त्यांवर मातीच्या माळवदाचं प्रचंड ओझं, आणि खाली झोपलेली माणसं. सुमारे आठ हजार माणसं गेली. त्याच वर्षीच्या भारतीय मानकात अशा बांधकामासाठी नियम आहे: उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडव्या अंतरात १.२ मीटरच्या आत एक आरपार दगड. मामांना मानकाचा क्रमांक माहीत नव्हता. अंतर मात्र त्यांनी हातानं दाखवलं ते जवळपास तेवढंच होतं. चुन्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी कसं घालायचं हेही त्यांनी सांगितलं. हिरडा इथलाच, तालुक्याच्या पश्चिमेच्या रानातला. जुन्या घरावर प्रेम करणाऱ्यांनी किल्लारी विसरू नये, असं मला वाटतं. माळवद परत घालायचा आमच्यातल्या एकाचा हट्ट त्या दुपारी मागे पडला.

मग व्यवसायाची गोष्ट निघाली. तात्यांनी विचारलं, “नकाशाचे किती घ्याल?” २०२१ मध्ये राज्य सरकारनं गावातल्या १६०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी परवानगीची वाट सोपी केली. जागेची कागदपत्रं, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला दिला की काम सुरू करता येतं. चांगलंच झालं, पण त्यामुळे नकाशा म्हणजे दाखल्याला जोडायचा कागद एवढंच त्याचं मोल उरलं. दुसरी अडचण आमच्याच बाजूची. आमची फी बहुधा बांधकाम खर्चाच्या टक्क्यांत ठरते. जेवढं जुनं वाचवू, सिमेंट-लोखंड जेवढं कमी वापरू, तेवढी आमची कमाई कमी. शाश्वततेच्या व्याख्यानांत हा मुद्दा कुणी काढत नाही, आणि मला तर तोच मुळाचा वाटतो. तात्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “गाईचा डॉक्टर येतो, तपासून जातो, त्याला फेरीचे पैसे देतोच की. गाय किती किमतीची हे तो विचारत नाही.” आम्ही फेरीवर ठरवलं. त्यानंतर लहान दुरुस्त्यांच्या कामांना मी तीच पद्धत ठेवली आहे, आणि ती परवडते.

जुनं घर राहिलं. पोट सुटलेला भाग उतरवून मामांच्या देखरेखीखाली आरपार दगड घालून पुन्हा रचला. पत्र्याच्या जागी कौलं आली, खाली मजबूत जाळी. पश्चिमेच्या अंगाला हलक्या छपराचा सोपा काढला, तीन बाजूंनी जाळी, गोठ्याला होती तीच. संडास अंगणाच्या टोकाला होता; तो सोप्याला लागून आणला. रात्री उठायला लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी पीत नाही, हे काकूंनी आमच्यातल्या बायकांना एकटं गाठून सांगितलं होतं. ते पुरुषांसमोर निघालंच नसतं. भावाच्या स्लॅबवर दर उन्हाळ्याआधी पांढरा चुना मारायला सांगितलं. तो मारतो.

पुढच्या मे महिन्यात काकूंचा फोन आला. सोप्यात सगळे झोपतात, पण पहाटे गार वाऱ्यानं पांघरूण लागतं, तेव्हा एका बाजूला पडद्याची सोय करून द्या, अशी तक्रार होती. ती सोय आम्ही केली.

हल्ली आपल्याकडेही आर्किटेक्टांना शिक्षणाचे तास सक्तीचे करावेत अशी चर्चा अधूनमधून होते. माझा पाठिंबा आहे. हे तास जे ठरवतील त्यांना एकच विनंती: त्यातले निदान बारा तास संध्याकाळी सात ते सकाळी सात असे सलग ठेवा, आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या घरात, आणि तेही एप्रिल-मे महिन्यात.