ओढून काढू नका

दिवाळीच्या पाडव्याला नांदेडात माझा फोन सकाळपासून वाजतो आणि तक्रार बहुतेक एकच असते. “डॉक्टरसाहेब, मांजर दिवाणाखालून बाहेर येईना गेलंय, काहीच खाईना गेलंय.” पुढचंही ठरलेलं. झाडूनं हुसकून पाहिलं, मानेला धरून ओढलं, मांडीवर घेऊन दूध पाजायला गेलो तर ओरबाडलं. निम्मी भीती सुतळी बॉम्बची असते, उरलेली आपल्या मायेची.

मी शिकलो उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. शेजारी देवणीचा मुलूख, इकडे नांदेडकडे लाल कंधारी. बैल बुजला तर काय करायचं, हे आपल्याकडे पोरासोरांनाही कळतं. कासरा हिसडायचा नाही, अंगावर ओरडायचं नाही, जरा उभं राहू द्यायचं. हाच शहाणपणा चार भिंतींच्या आत मांजरापाशी कुठं जातो, कोण जाणे.

भ्यालेलं मांजर खात का नाही, याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालंय, तेही मांजराकडूनच. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, क्ष-किरण नवे असताना, जेवलेल्या मांजराचं जठर पाहत बसत. मांजर शांत असेतो जठर हलत राही, ते बिथरलं की हालचाल थांबे. १९११ मध्ये त्यांनी मांजरासमोर भुंकणारं कुत्रं आणलं आणि त्या मांजराच्या रक्तात अ‍ॅड्रेनलिन उतरल्याचं दाखवलं. ‘लढा नाहीतर पळा’ म्हणून आज जे शिकवतात, त्याच्या मुळाशी ही घाबरलेली मांजरं आहेत. प्रयोग निर्दयच म्हणायचा. पण त्यातून कळलं ते एवढं, की भीती आहे तोवर पोट बंद आहे. अशा वेळी ड्रॉपरनं दूध ओतलं तर ते श्वासनलिकेत जायची भीती. त्याच रसायनामुळे रक्तातली साखरही चढते. पिशवीत कोंबून, मोटारसायकलवरून आणलेल्या मांजराची साखर तीनशे दिसली म्हणून लगेच मधुमेहाचा शिक्का मारायचा नसतो.

कानाचंही ध्यानात घ्यावं. माणूस साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, मांजर ८०,००० च्याही पुढे. शिवाय बाण सुटण्याआधीच त्याची दिवाळी बिघडलेली असते, हे फार कुणी लक्षात घेत नाही. मांजर गाल घासून घासून घराला स्वतःचा वास लावतं, त्याच वासावर त्याला घर आपलं वाटतं. आपण दिवाळीआधी भिंतींना रंग देतो, फरशीला फिनेल लावतो, कपाटं हलवतो, त्याची चादर धुऊन टाकतो. वास गेला, ओळख गेली, आणि त्यावर रात्री धडाका.

म्हणून माझा उपाय फारसा औषधाचा नाही. एक खोली बंद करा, पडदे ओढा, पंखा किंवा कूलर चालू ठेवा म्हणजे बाहेरचा आवाज बुजतो. पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवून त्यात न धुतलेली चादर टाका. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्यानं आलेल्या मांजरांपैकी काहींना असं लपायचं खोकं दिलं आणि काहींना दिलं नाही. खोकं मिळालेली लवकर सावरली, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. लपणं हाच त्याचा उपचार आहे. ते दिवाणाखाली गेलं असेल तर तिथंच राहू द्या. पाणी, खाणं आणि वाळूचा ट्रे जवळपास ठेवा, पण एकमेकांना चिकटून नको. तुम्ही खोलीत जाऊन जमिनीवर बसा, त्याच्याकडे टक लावून पाहू नका, वाटल्यास पेपर वाचा. ते आपण होऊन येऊन हात हुंगेल तेव्हा गालाशी खाजवा. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढा, फक्त मिरच्यांचा धूर त्या खोलीत नको.

१० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोलीकडचा ४.५ रिश्टरचा भूकंपाचा धक्का नांदेडपर्यंत जाणवला, तेव्हाही असंच झालं. लातूरकडे १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाची आठवण अजून अंगात आहे. भांडं वाजलं तरी माणसं ओरडत अंगणात धावतात. त्यांना दोष कसा द्यायचा? पण मांजराच्या लेखी जमीन हलली ते निराळं, आणि घरभर पळापळ झाली ते निराळं. एकाऐवजी दोन भीती. घरात दोन मांजरं असली तर आणखी एक भानगड होते. दचकलेलं मांजर समोरच्यावर राग काढतं, आणि कालपर्यंत एका ताटलीत खाणारी जोडी वैरी होते. त्यांना ‘मिटवून घ्या’ म्हणून एकत्र कोंडू नका. वेगळ्या खोल्यांत ठेवा, एकमेकांच्या चादरी बदला, पूर्ण शांत झाल्यावर दाराच्या फटीतून भेट घडवा.

शांत करायची औषधं आहेत, पण ती फटाक्यांच्या आधी, मांजर तपासून, वजन पाहून द्यायची असतात. घरातली माणसाची गोळी कधीच नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

एरवी बहुतेक मांजरं एक-दोन दिवसांत ताळ्यावर येतात. पण तोंड उघडं टाकून धापत असेल तर थांबू नका. दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तर आणा, विशेषतः जाडजूड मांजर, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ शकतं. आणि बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजू नका. ताणानं मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, आणि असं तुंबलेलं मांजर दोन-तीन दिवसांत दगावतं. भाऊबीज उरकायची वाट पाहू नका, रात्री दोन वाजलेले असले तरी डॉक्टरला उठवा.