दंतकथांचे गाव ग्लॅस्टनबरी

लंडन पाहून झाले की आपल्याकडचे बहुतेक प्रवासी ऑक्सफर्ड, स्ट्रॅटफर्ड किंवा थेट स्कॉटलंडची वाट धरतात. नैर्ऋत्येकडील सॉमरसेट परगण्यात फारसे कोणी फिरकत नाही. ग्लॅस्टनबरी हे जेमतेम नऊ हजार वस्तीचे गाव याच परगण्यात आहे. तरुण मंडळींना हे नाव १९७० साली सुरू झालेल्या संगीत महोत्सवामुळे ठाऊक असते. पण तो महोत्सव गावापासून जवळजवळ दहा किलोमीटरवर, पिल्टनजवळच्या एका शेतावर भरतो. गावाची स्वतःची कीर्ती मात्र आठ-नऊ शतके जुनी आहे आणि ती उभी आहे दंतकथांवर.

मुख्य रस्त्यावर पाऊल टाकताच नाकाला उदबत्तीचा वास येतो. दुकानांत स्फटिक, ताईत, भविष्य सांगणारे पत्ते आणि त्यांच्या शेजारी बुद्ध व गणपतीच्या मूर्ती! ख्रिस्ती यात्रेकरू, निसर्गपूजक, ध्यानधारणा करणारे, नुसतेच हौशी, सगळे इथे एकाच फुटपाथवरून चालत असतात. इतक्या जणांना या गावाची ओढ का वाटत असावी?

पाण्यातील टेकडी

याचे पहिले उत्तर गावात शिरण्याआधीच दिसते. सपाट, हिरव्या कुरणांतून एकच टेकडी उंच उठलेली आहे. तिला 'टॉर' म्हणतात. उंची अवघी १५८ मीटर. पण भोवताली सगळे सपाट असल्यामुळे ती कितीतरी उंच भासते. माथ्यावर सेंट मायकेलच्या चर्चचा छप्पर नसलेला मनोरा आहे. तिथले आधीचे चर्च १२७५ च्या भूकंपात कोसळले. पुढे दुसरे बांधले गेले, त्याचा आता हा मनोराच उरला आहे.

पूर्वी हा सारा प्रदेश दलदलीचा होता. १८९२ साली गावाजवळ लोहयुगातील एका वस्तीचे अवशेष सापडले. लाकूडफाटा आणि मातीचा भराव टाकून ती माणसे दलदलीवर राहत असत. पुढे चर खणून पाणी काढले गेले व कुरणे झाली. तरीही हिवाळ्यात धुके दाटले की टॉर बेटासारखी दिसते. आर्थर राजाला जखमी अवस्थेत नेले ते 'अ‍ॅव्हलॉन' बेट हेच, असे लोक का मानू लागले, हे अशा सकाळी कोणालाही पटावे.

राजाची कबर

गावाच्या मध्यभागी ग्लॅस्टनबरी मठाचे भव्य अवशेष आहेत. तुटलेल्या कमानी, मोकळे आकाश आणि खाली नीट राखलेली हिरवळ. एके काळी हा इंग्लंडमधील सर्वांत श्रीमंत मठांपैकी एक होता. ११८४ साली तो आगीत भस्मसात झाला. राजा दुसरा हेन्री याने पुन्हा बांधकामाला मदत केली. पण तो ११८९ मध्ये वारला आणि पैशाचा ओघ आटला.

आणि ११९१ मध्ये मठवासीयांनी जाहीर केले की, मठाच्या दफनभूमीत आर्थर आणि राणी ग्विनिव्हिअर यांची कबर सापडली! झाडाच्या पोकळ बुंध्याची शवपेटी, त्यात दोघांच्या अस्थी आणि आर्थरचे नाव कोरलेला शिशाचा क्रूस. यात्रेकरूंची रीघ लागली. १२७८ मध्ये खुद्द राजा पहिला एडवर्ड याच्या उपस्थितीत त्या अस्थी समारंभपूर्वक पुन्हा पुरण्यात आल्या. ती जागा आजही पाटी लावून दाखवितात.

इतिहासकार मात्र मान हलवितात. त्या शोधाच्या साठेक वर्षे आधी माम्सबरीच्या विल्यमने या मठाचा इतिहास लिहिला होता. त्याच्या मूळ लेखनात अशा कबरीचा उल्लेख नाही. रेडिंग विद्यापीठातील संशोधकांनी १९०४ ते १९७९ या काळातील उत्खननांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. २०१५ मध्ये त्यांनी सांगितले की, आर्थरच्या कबरीला पुरावा मिळत नाही. पण याच तपासणीत दुसरी गोष्ट पुढे आली. भूमध्य समुद्राकडून आलेल्या रांजणांचे तुकडे सांगत होते की, पाचव्या-सहाव्या शतकात, म्हणजे कथेतील आर्थरच्याच काळात, इथे माणसांचा वावर होता. कबर खोटी ठरली आणि जागेचे वय मात्र वाढले!

वैभवाचा शेवट

ज्या वैभवाला दंतकथेने हातभार लावला, तेच शेवटी मठाला भोवले. आठव्या हेन्रीने पोपशी नाते तोडून मठांची मालमत्ता ताब्यात घ्यायला सुरुवात केली. ग्लॅस्टनबरीचे वृद्ध मठाधिपती रिचर्ड व्हायटिंग यांना १५ नोव्हेंबर १५३९ रोजी दोन मठवासीयांसह टॉरच्या माथ्यावर फाशी देण्यात आले. त्यांचे शिर मठाच्या दरवाजावर टांगले गेले. पुढे मठाचे दगडसुद्धा लोकांनी वाहून नेले. धड राहिले ते चौदाव्या शतकातील स्वयंपाकघर. आठकोनी छताची ही इमारत मुलांना हमखास आवडते.

माथ्यावर वारा खात, छायाचित्रे काढताना ही घटना आठवली की मन गंभीर होते.

तांबडे पाणी, पांढरे पाणी

टॉरच्या पायथ्याशी दोन झरे आहेत. 'चॅलिस वेल' हा तांबडा झरा सुंदर बागेत आहे. येशूच्या अखेरच्या भोजनातील पवित्र पेला इथे लपविला, म्हणून पाणी तांबडे, असे भाविक सांगतात. खरे तर पाण्यात लोह आहे. ते दगडांवर साचून तांबूस थर धरते. सिंहमुखातून पडणारे गार पाणी ओंजळीने प्यावे. जिभेवर लोखंडाची चव रेंगाळते. रस्त्यापलीकडच्या 'व्हाइट स्प्रिंग'चे पाणी चुनायुक्त आहे. ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातील एका अंधाऱ्या दगडी इमारतीत, मेणबत्त्यांच्या उजेडात वाहते.

दोनदा फुलणारे झाड

सर्वांत हृद्य कथा झाडाची आहे. येशूच्या देहाला कबर देणारा अरिमथियाचा योसेफ इथल्या वेअरीऑल टेकडीवर आला, त्याने काठी जमिनीत रोवली आणि तिला पालवी फुटली, अशी आख्यायिका आहे. हॉथॉर्न जातीचे हे काटेरी झाड वसंतात फुलते आणि पुन्हा नाताळच्या सुमारासही. दर डिसेंबरात सेंट जॉन्स चर्चच्या आवारातील अशाच झाडाची डहाळी समारंभाने कापून राजघराण्याकडे पाठविली जाते.

सतराव्या शतकातील यादवीत जुने झाड अंधश्रद्धेचे म्हणून तोडले गेले. टेकडीवर १९५१ साली लावलेल्या झाडाच्या फांद्या डिसेंबर २०१० मध्ये कोणी तरी रात्रीतून छाटून टाकल्या. सकाळी ते दृश्य पाहून गावकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. तरी वंश बुडाला नाही. गावात त्याची भावंडे होतीच. गंमत अशी की बी पेरले तर साधे, एकदाच फुलणारे झाड उगवते. दोनदा फुलणारे हवे तर कलमच करावे लागते. म्हणजे गेली कित्येक शतके प्रत्येक पिढीत कोणी तरी आठवणीने कलम करीत आले, म्हणून ते झाड आज आहे. योसेफ आला होता की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्या हातांची श्रद्धा खरी आहे.

कसे जाल?

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकाहून कॅसल केरीला रेल्वेने जावे. तिथून ग्लॅस्टनबरी सुमारे वीस किलोमीटर आहे. ब्रिस्टलहून बसनेही जाता येते. वाटेत वेल्सचे प्रसिद्ध कॅथीड्रल पाहता येते. शाकाहारी जेवणाची अडचण पडत नाही. टॉरवर वारा जबरदस्त असतो, तेव्हा उन्हाळ्यातही स्वेटर आणि घट्ट पकडीचे बूट सोबत असू द्यावेत. गाव पाहायला एक दिवस पुरतो. पण सकाळचे धुके पाहायचे असेल तर एक रात्र मुक्काम करावा.